हिशेब कोणाला द्यायचा?

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

परक्या देशात फौज पाठवून लोकशाही आणता येते का, या प्रश्नावर दोन उत्तरं तयार असतात. कोणी म्हणतं, जपान-जर्मनीत जमलं, म्हणजे जमतं. कोणी म्हणतं, इराक-अफगाणिस्तानात फसलं, म्हणजे जमतच नाही. माझं उत्तर 'नाही'कडेच झुकतं. पण का, ते सांगायला काबूलच्या आधी आपल्याच शहरात, 1871 सालात जावं लागेल.

क्रॉफर्ड मार्केट आपल्या सगळ्यांच्या पायाखालचं. ज्या आर्थर क्रॉफर्डचं नाव त्याला मिळालं, ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शहरासाठी त्यांनी कामं पुष्कळ केली, पण खर्चाला धरबंध राहिला नाही. 1871 मध्ये कर भरणारे नागरिक उठले. पैसा आमचा, तर हिशेब आम्हाला द्या, ही त्यांची मागणी. त्यातून 1872 चा कायदा आला. नव्या कॉर्पोरेशनच्या 64 सभासदांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार मूठभर आणि सगळे ऐपतदार. गिरणीत राबणारा कामगार त्यात नव्हता, बायका नव्हत्या, अस्पृश्य नव्हते. याला लोकशाही म्हणायला मी तयार नाही. पण सरकारला जाब विचारायचा हक्क इथे काही लोकांनी स्वतः भांडून मिळवला. पुढचं भांडणही आपल्याच लोकांनी केलं. सायमन कमिशनपुढे 1928 मध्ये बाबासाहेबांनी सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी मताधिकार मागितला. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही तो होता. ब्रिटिशांनी 1935 च्या कायद्यातसुद्धा तो दिला नाही. तेव्हा लोकशाही आपल्याला साहेबाने दिली, असं कोणी म्हणालं तर त्याला ही सालं दाखवा.

आता अफगाणिस्तान. 2001 च्या अखेरीस अमेरिकेच्या हल्ल्यात तालिबानची सत्ता गेली. 2004 च्या जानेवारीत संविधान झालं, ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि हमीद करझाई राष्ट्राध्यक्ष झाले. धमक्या असतानाही लोक मतदानाला आले, बायका आल्या. त्यांची ओढ खरी होती, आणि ती कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. पण सरकार चालत होतं कशावर? सरकारी खर्चातला साधारण तीन चतुर्थांश पैसा परदेशी मदतीतून यायचा. शिपायाचा पगार बाहेरून, मास्तरचा बाहेरून, राष्ट्राध्यक्षांचं संरक्षणही बाहेरून. अशा सरकारला आपल्या मतदाराला खूश ठेवण्याची गरज किती आणि देणगीदाराला किती, तुम्हीच सांगा.

2014 ची निवडणूक थोडी जवळून बघू. अश्रफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला यांच्यात दुसरी फेरी झाली आणि बोगस मतांवरून महिनोन्‌महिने वाद पेटला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी काबूलला आले, दोघांना बसवलं, तडजोड घडवली. घनी राष्ट्राध्यक्ष झाले आणि अब्दुल्लांसाठी संविधानात नसलेलं 'मुख्य कार्यकारी' हे पद तयार केलं गेलं. सप्टेंबरात निवडणूक आयोगाने विजेता जाहीर केला, पण कोणाला किती मतं पडली, हे त्या घोषणेत सांगितलंच नाही. जीव मुठीत धरून रांगेत उभं राहिलेल्या बाईला तिचं मत कुठे गेलं, याचं उत्तर मिळालं नाही. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये दोहाला अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला. काबूलचं सरकार त्यात पक्षकारसुद्धा नव्हतं. ज्यांनी उभं केलं, त्यांनीच वगळलं. 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले.

इराकचं चित्र वेगळं आहे, आणि ते सहसा उलटं सांगितलं जातं. 2003 च्या एप्रिलमध्ये बगदाद पडलं. मे महिन्यात अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाची वरची फळी सरकारी नोकरीतून बाद झाली, दुसऱ्याने सैन्यच बरखास्त झालं. लाखो माणसं बंदुकीचं शिक्षण घेऊन बेकार झाली. हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असं, की थेट निवडणुकीची घाई अमेरिकेला नव्हती. निवडक लोकांच्या बैठकांतून सत्ता सोपवायचा त्यांचा बेत होता. नजफचे आयातुल्ला सिस्तानी, इराकी शियांचे सर्वांत मोठे धर्मगुरू, अडून बसले. संविधान लिहिणारे इराकी जनतेनेच निवडले पाहिजेत, असा फतवा त्यांनी जून 2003 मध्येच दिला होता. जानेवारी 2004 मध्ये बसरा आणि बगदादच्या रस्त्यांवर हजारो लोक त्यासाठी उतरले. बेत गुंडाळावा लागला. 30 जानेवारी 2005 ला मतदान झालं, आणि जांभळ्या शाईची बोटं दाखवणारे फोटो जगभर झळकले. त्यांचं श्रेय फौजेने घेतलं, पण ते रस्त्यावर उतरलेल्या इराकी माणसांचं आहे.

मग जपान? हे उदाहरण झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. 1946 च्या फेब्रुवारीत, हरलेल्या जपानचा ताबा असलेले अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या माणसांनी संविधानाचा मसुदा आठवडाभरात लिहिला. स्त्री-पुरुष समानतेचं कलम बिअटे सिरोटा या बावीस वर्षांच्या तरुणीने लिहिलं, आणि ते आजही तसंच आहे. पण जपानमध्ये संसद 1890 पासून होती, सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार 1925 मध्येच मिळाला होता. कर गोळा करणारं, शाळा चालवणारं प्रशासन शाबूत होतं आणि मॅकआर्थर यांनी त्याच्यामार्फतच कारभार केला. लष्करशहांनी बंद केलेलं दार तिथे पुन्हा उघडलं. भिंत नव्याने बांधायची नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. 1970 च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 शेख मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या होत्या. निकाल लागलेला होता, तो पायदळी तुडवला गेला. पाकिस्तानी लष्कराची कत्तल सुरू झाली, सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. 1971 मध्ये आपली फौज गेली आणि मार्च 1972 मध्ये परतली. माझ्या मते ते योग्य होतं. कत्तल थांबवायला जाणं आणि कारभार शिकवायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही 1975 मध्ये तिथे, म्हणजे नव्या बांगलादेशात, आधी एकपक्षीय राजवट आली आणि मग लष्कर.

श्रीलंकेत मात्र आपण दुसरी गोष्ट करून पाहिली. 1987 मध्ये आपल्या लष्कराची शांतिसेना गेली. नोव्हेंबर 1988 मध्ये तिच्या बंदोबस्तात उत्तर-पूर्व प्रांतात निवडणूक झाली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. मार्च 1990 मध्ये आपली फौज निघाली आणि ते सरकार तिच्याबरोबरच संपलं, पेरुमलना भारतात आश्रय घ्यावा लागला. सुमारे 1,200 जवान आपण तिथे गमावले. परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतले एक. जन्म मुंबईचा, शिक्षण इथल्या एसआयईएसमध्ये, पलटण महार रेजिमेंटची आठवी. अमेरिकेला नावं ठेवताना आपण हे विसरतो, आणि विसरू नये.

मग बाहेरच्यांनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. अफगाण विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं शिकत होते. ऑगस्ट 2021 मध्ये, भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले व्हिसा आपल्या सरकारने रद्द केले. सुट्टीला घरी गेलेली मुलं-मुली तिकडेच अडकली, आणि तिथे मुलींना आता सहावीनंतर शाळा नाही. उद्या त्या देशात जाब विचारणारी माणसं उभी राहायची असतील, तर ती याच मुलींतून येतील. त्यांना व्हिसा द्यावा, वसतिगृहात जागा द्यावी, फी माफ करावी, ही मागणी आपण इथून करू शकतो. तसं निवेदन तयार आहे. ज्यांना सही करायची आहे, त्यांनी मागच्या टेबलापाशी यावं.