फळ्यावरचं टिंब

नमस्कार श्रोतेहो.

आज मला तुमच्याशी वहीतल्या अनुस्वारांबद्दल बोलायचं आहे. तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलाची वही घ्या आणि फळ्यावरून उतरवून घेतलेलं पान उघडा. 'चिंच' लिहायची होती, तिथे 'चिच' आहे. 'पंख'चा 'पख' झालाय, 'घंटा'ची 'घटा'. 'धरण'चं 'घरण' आणि 'भात'चा 'मात'. गणिताच्या वहीत ३.५ चे ३५ झालेत. भागाकाराच्या चिन्हाची वरची-खालची टिंबं गळाली आणि तो भागाकार वजाबाकी होऊन बसलाय. उत्तर अर्थातच चुकलंय, पण मुलानं केलेली वजाबाकी मात्र अगदी बरोबर आहे.

अशा पानावर आपण लाल शाईनं गोल करतो आणि खाली शेरा मारतो, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' माझी शिक्षकांना विनंती आहे की हा शेरा मारण्याआधी त्याच मुलाला पुस्तकातला एक परिच्छेद उतरवून काढायला सांगा. पुस्तक त्याच्या हातात, वहीशेजारी. इथे सगळे अनुस्वार जागच्या जागी आले, तर त्याचं शुद्धलेखन चांगलं आहे. त्याला फळा दिसत नाही.

प्राथमिक शाळेत शिकवताना मला सगळ्यात जास्त कशानं अस्वस्थ केलं असेल, तर या गोष्टीनं, की मूल हे सांगत नाही. लाजतं म्हणून किंवा घाबरतं म्हणून सांगत नाही, असं आपल्याला वाटतं. खरं कारण त्याहून साधं आहे. ज्याला पहिल्यापासून फळा धुरकटच दिसतो, त्याला सगळ्यांना तो तसाच दिसतो असं वाटतं. तक्रार करायची तर काहीतरी बिघडलंय हे ठाऊक असावं लागतं, आणि त्याला ते ठाऊक नसतं. ते शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं, डोळे बारीक करतं, फळ्यापाशी जायला निमित्त शोधतं. आपण म्हणतो, हा सारखा जागेवरून उठतो.

एका डोळ्याचा प्रकार तर आणखी फसवा. एक डोळा चांगला असेल, तर मूल आयुष्य त्याच्यावर बिनदिक्कत काढतं. दुसऱ्या डोळ्याकडून मेंदू काम घेणंच सोडून देतो, तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत हे लक्षात आलं तर उपचारांचा चांगला उपयोग होतो. पुढे ते अवघड होत जातं. म्हणून तपासताना एक-एक डोळा तळहातानं नीट झाकायचा, बोटांच्या फटीतून बघू द्यायचं नाही. दृष्टीचा तक्ता सहा मीटरवर टांगतात. रांगेत मागे उभी असलेली मुलं पुढच्याची उत्तरं ऐकत असतात आणि त्यांना अक्षरं पाठ होऊन जातात. तेव्हा एकेकाला आत बोलवा, बाकीच्यांना बाहेर थांबवा. एवढं केलं तरी तपासणीला अर्थ येतो.

आणि चष्मा लागला तर लावू द्या. चष्म्यानं नंबर वाढतो हा गैरसमज आहे. मुलीला चष्मा लागला की 'हिचं पुढे कसं व्हायचं' म्हणून तो पेटीत ठेवून देणारी घरं अजून आहेत. आईबाबांनो, लग्नाला अजून पंधरा वर्षं आहेत, पण तिला फळा उद्या सकाळी वाचायचा आहे.

आता कानांकडे येऊ. माझ्या मते शाळेत सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते कान. डोळ्यांसाठी निदान तक्ता तरी भिंतीवर असतो.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. म्हणजे वर्षाचा पाया घालायचे महिने नेमके पावसाचे. डोक्यावर पत्रा असेल, तर जुलैमध्ये त्या वर्गात काय ऐकू येतं, हे कोकणातल्या किंवा मावळातल्या कुठल्याही गुरुजींना विचारा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. पत्र्यावर सर कोसळू लागली की गुरुजींचा आवाज तिच्यात बुडून जातो. पहिल्या बाकावर पोचतो तो अर्धा, शेवटच्या बाकावर नुसते हातवारे. मोठ्या माणसाला अर्धं वाक्य पुरतं, उरलेलं तो अंदाजानं भरून काढतो. सहा वर्षांच्या मुलाकडे तो शब्दांचा साठाच अजून नसतो.

त्यात याच दिवसांत मुलांना सर्दी असते. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी आहे आणि तिथून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. सर्दीनं किंवा नाकामागच्या गाठी वाढल्यानं ही नळी तुंबली की पोकळीत पाणी साठतं आणि पडदा मोकळेपणानं हलत नाही. दुखत नाही, ताप येत नाही. फक्त कमी ऐकू येतं, आणि तेही रोज सारखं नाही. सोमवारी बरं असतं, बुधवारी नसतं. मग घरी आणि शाळेत एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.' नाही हो. ज्या दिवशी कान साथ देतो, त्या दिवशी ऐकू येतं.

असं मूल ओळखायचं कसं? श्रुतलेखनाच्या वहीत खुणा सापडतात. 'फळ'चं 'पळ', 'थाट'चं 'ताट', 'साठ'चे 'सात'. ते गुरुजींच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतं. 'पुस्तकं काढा' म्हटलं की आधी इतरांकडे बघतं, मग दप्तरात हात घालतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की त्याचा हात थांबतो. खात्री करायची असेल तर त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, एक कान बंद करायला सांगा आणि अगदी हळू, कुजबुजल्यासारखे दोन-तीन आकडे म्हणा. मग दुसरा कान. हे काही निदान नव्हे, पण डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही, एवढं त्यावरून ठरतं. पाणी बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. तीन महिने होऊनही ऐकण्यात फरक नसेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि कान फुटला असेल, वाहत असेल, तर त्यात गरम तेल घालू नका. हे मी हात जोडून सांगतो. फुटक्या पडद्यातून ते तेल आत जातं.

शिक्षक म्हणून आपल्याला बिनपैशाची एक गोष्ट करता येते. लिहायचं तेव्हा लिहावं, आणि बोलायचं तेव्हा वर्गाकडे तोंड करून बोलावं.

आता पेन्सिल खाणाऱ्या मुलांबद्दल. पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचा पोपडा, माती. प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतंच आणि त्याला हमखास ओरडा बसतो. बहुतेकदा अशा मुलाच्या अंगात लोह कमी असतं. त्याच्या डोळ्यांची खालची पापणी हलकेच ओढून बघा, आतून पांढुरकी दिसते. ते लवकर दमतं, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच पेंग येते, पाढा अर्ध्यावर सुटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे नववी-दहावीच्या बाकांवर तो आधीच येऊन बसलेला असतो.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि मग ती हळूच खिडकीबाहेर जाते. पोषण आहाराची खिचडी पोटात गेल्यावर गोळी दिली तर मुलं ती घेतात. आणि गोळीच्या आगेमागे चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे तर कितीतरी लेकरांची सकाळ कोऱ्या चहावर आणि एखाद्या बटरवर निघते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे, आणि ती योजना फार मोलाची आहे. पण ती खिचडी दुपारी मिळते. भाषा आणि गणित आपण सकाळी शिकवतो.

मोठ्या मुलींचं आणखी एक आहे. शाळेचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसलं की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुपारनंतर डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो, दुपारच्या तासांना मुली लक्ष देत नाहीत.

मेळघाटात कोरकू, धडगावात पावरी, भामरागडमध्ये माडिया बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा कान चांगले असूनही त्याला ऐकू येतो तो नुसता आवाज. कोरकू तर मराठीच्या नात्यातली भाषासुद्धा नाही. अशा वर्गात 'कळलं का?' विचारलं तर सगळे एका सुरात 'हो' म्हणतात, कारण त्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं असतं एवढं ते पहिल्या आठवड्यातच शिकलेले असतात. जिथे शिक्षकांनी मुलांकडूनच त्यांच्या भाषेतले शब्द उचलले, फळ्यावर दोन्ही भाषांतली नावं शेजारी-शेजारी लिहिली, तिथे ती मुलं बोलती झालेली मी पाहिली आहेत. सहा वर्षांच्या मुलानं गुरुजींना काहीतरी शिकवलं, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नाही.

यातलं पुष्कळसं तपासायची व्यवस्था आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. अडचण पुढे आहे. पथक ज्या दिवशी येतं, त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतात, त्यांची तपासणी राहून जाते. आणि गैरहजर राहतात ती बहुधा हीच मुलं. कान दुखतोय म्हणून, अंगात त्राण नाही म्हणून, किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, आहेत म्हणून. दुसरी अडचण चिठ्ठीची. 'पुढील तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे' अशी चिठ्ठी दप्तरात जाते आणि तिथेच राहते. मोठं रुग्णालय तालुक्याला किंवा जिल्ह्याला. जायचं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडणार आणि एसटीचं भाडं वेगळं.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर जे पालक आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडे दोन याद्या मागा. पथक आलं त्या दिवशी कोण गैरहजर होतं, ही एक. कोणाला चिठ्ठी मिळाली आणि त्यातलं कोण अजून रुग्णालयात गेलेलं नाही, ही दुसरी. मग गावातून तालुक्याला एखादी गाडी जातेच. एक दिवस ठरवा आणि त्या सगळ्या मुलांना एकत्र घेऊन जा. सोबत दोन पालक पुरतात. चष्म्यासाठी पैशांची अडचण असेल तर तिथेच विचारा, सरकारी कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मे मोफत मिळतात.

नमस्कार.