कंसात एक तारीख

पानिपतच्या मोहिमेवरचं एखादं जाडजूड संशोधनपर पुस्तक उघडा. सुरुवातीच्याच पानांत मूळ पत्र जसंच्या तसं छापलेलं दिसतं. वर साल: 'इहिदे सितैन मया व अलफ'. खुलासा कुठेच नाही.

हा शुहूर सन, म्हणजे मराठी कागदपत्रांत अरबी शब्दांत लिहिली जाणारी जुनी कालगणना. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला पालटतं, त्यामुळे एका शुहूर सालात इसवीची दोन सालं येतात. पत्र पावसाळ्यातलं असेल तर ५९९ मिळवायचे आणि १७६० धरायचं. पौषातलं असेल तर ६०० मिळवून १७६१. अभ्यासकांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ला. हातातलं पत्र तिच्या किती आधीचं, हेच उमगलं नाही तर वाचकाने पुढे जायचं कसं? कंसात एक इसवी तारीख घालायला जागा ती किती लागते!

इतिहासकार राजवाड्यांनी १८९८मध्ये काढलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा, म्हणजे मूळ कागदपत्रांचा, पहिला खंड, रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड, हे अवघड असणारच. ते साधनग्रंथ आहेत. मूळ कागदाला संपादकाने धक्का लावू नये, हेच योग्य.

राग येतो तो या साधनांवरून पुढे लिहिलेल्या पुस्तकांचा. अर्धं पान उतारा, खाली तळटीप, तळटिपेत आणखी एक उतारा. लेखकाचं स्वतःचं म्हणणं शोधत बसावं लागतं. एका प्रकरणात गोविंदपंत बुंदेले, पुढच्यात गोविंद बल्लाळ, नंतर नुसते खेर. माणूस एकच, हे सांगणारी सूचीही नाही.

ऑक्टोबर १७६०. भाऊसाहेब उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गेलेले, आणि अब्दाली मागे बागपतजवळ यमुना ओलांडतो. मराठ्यांची दिल्लीकडची वाट अडते. पुढचा सगळा पेच या हालचालीतून उभा राहतो. ती बोटाने दाखवता यावी असा नकाशा मात्र पुस्तकात नसतो. वर्षानुवर्षं दफ्तरं चाळून लिहिलेलं पुस्तक इथे वाचकाच्या हातून सुटतं, आणि त्या मेहनतीचं फार वाईट वाटतं.

शेवटी शुद्धिपत्र जोडलेलं असतं. म्हणजे चुका कुणाच्या तरी नजरेला पडल्या होत्या. दुसरी आवृत्ती येते, मुखपृष्ठ नवं, किंमत नवी. आणि आत मजकुरात त्याच चुका, शेवटी तेच शुद्धिपत्र.