दुष्काळी मुलखातील उपकारस्तुती

बंधुभगिनींनो, पावसासाठी प्रार्थना कशी करावी हे दुष्काळी मुलखातल्या ख्रिस्ती मंडळीला कोणी शिकवावे लागत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच गेली आणि उगवलेली बाजरी माना टाकू लागली, की पाळकसाहेबांनी सांगण्याआधीच घराघरांत उपास सुरू होतात. मग रविवारच्या उपासनेत एखादी वृद्ध भगिनी उभी राहून जे मागते, त्यात कोणी एका शब्दाची भर घालू शकत नाही. मी आज बोलणार आहे ते त्या मागण्याच्या पुढच्या गोष्टीविषयी. पाऊस पडतो, ओढे वाहतात, सगळे शेतात धावतात. तेव्हा उपकारस्तुतीचे काय होते? मागण्यापेक्षा उपकार मानणे अवघड आहे, आणि ते खरोखर मानले तर गावातल्या पाण्यावर आणि धान्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे, या प्रश्नापर्यंत आपल्याला जावेच लागते, असे माझे मत आहे.

मंडळीच्या इतिहासातच याची साक्ष सापडते. इंग्लंडच्या मंडळीचे प्रार्थनापुस्तक १५४९ साली सिद्ध झाले, तेव्हा पावसासाठीची प्रार्थना त्यात होती. पाऊस दिल्याबद्दलची उपकारस्तुती मात्र १६०४ मध्ये घालण्यात आली. म्हणजे पंचावन्न वर्षे मागण्यासाठी छापील शब्द होते, आभारासाठी नव्हते. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि त्यांपैकी एकच परत आला, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. इथे तीच गोष्ट एका संपूर्ण राष्ट्राच्या उपासनेत घडलेली दिसते. त्या पावसाच्या प्रार्थनेतली आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. तिच्यात नुसता पाऊस मागितलेला नाही, बेताचा पाऊस मागितला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन ज्यांनी पाण्यात कुजताना पाहिले, त्यांना हा बेत का मागावा हे सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागात वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. जूनचा पाऊस बाजरी देतो. सप्टेंबरचा पाऊस रब्बीची ज्वारी देतो, आणि ज्वारीबरोबर जनावरांचा कडबा. म्हणून आठ सप्टेंबरच्या सुमारास, मरियेच्या जन्मदिनानिमित्त, श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी जे हजारो लोक जमतात, त्यांच्या नवसांत आजारपण आणि लग्नकार्याबरोबर परतीचा पाऊसही असतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचे कालवे आहेत. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर तिथे ऊस उभा राहिला. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे की, तुम्ही जो देश सोडून आलात तिथे पाटाने पाणी देत होता, आणि ज्या देशात जात आहात तो आकाशातल्या पावसाचे पाणी पितो. बागायत आणि जिरायत यांतला फरक ज्याने भोगला आहे, त्याला हा उतारा कोणत्याही भाष्याशिवाय उलगडतो. नांगर हातात धरणाऱ्यांसाठीच तो लिहिलेला आहे.

परंतु इथल्या मंडळीतल्या अनेकांच्या हाती नांगरही स्वतःचा नव्हता, आणि ही बाब टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेने १८३१ मध्ये नगरला कायमचे काम सुरू केले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या झपाट्याने वाढल्या. आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी भरण्याचा अधिकार नव्हता, सुकाळातही नव्हता. विहीर आटली की सवर्णांच्या घरी दुष्काळ सुरू होई. यांच्या घरी तो बारमाही होता. धान्यासाठी धर्म बदलला असे त्यांच्याविषयी तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. भुकेल्या माणसाला भाकर देणारा हात आपला वाटला, यात त्या माणसाची लाज ती कोणती? लाज असेल तर ती पाणवठ्यावरून त्याला हाकलणाऱ्या व्यवस्थेची आहे. या पूर्वजांची उपकारस्तुती म्हणजे स्वतःच्या शेतातल्या कणसाबद्दलचे आभार नव्हते. दुसऱ्याच्या रानात खुरपणी-कापणीचे काम मिळेल, बैत्याला, म्हणजे कामाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या धान्याला, चार पायल्या जास्त येतील, आणि मुलाबाळांना गाव सोडून खडी फोडायला जावे लागणार नाही, याबद्दलचे ते आभार होते.

दुष्काळाविषयी पवित्र शास्त्रात पुष्कळ लिहिलेले आहे, आणि आपण त्यातला एकच भाग वारंवार वाचतो. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा गुडघ्यांत डोके घालून बसतो, चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवतो, आणि सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो. हा उतारा आपल्या प्रत्येक उपास-प्रार्थनेत वाचला जातो, आणि तो वाचावाच. पण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय किती मंडळ्यांत वाचला जातो? सरदार आपल्या धाकट्यांना पाण्यासाठी टाक्यांवर पाठवतात आणि ते रिकामी भांडी घेऊन परततात. जमीन भेगाळली म्हणून शेतकरी लाजेने डोके झाकतात. हरिणी गवत नाही म्हणून आपले नुकतेच जन्मलेले पाडस सोडून जाते. इतके अचूक वर्णन केल्यावर संदेष्टा प्रार्थना करतो, आणि देव त्याला म्हणतो, या लोकांसाठी प्रार्थना करू नको. हे वाचताना मला दरवेळी थांबावे लागते. त्या लोकांनी आपल्या वागण्यात काहीही बदल न करता पाऊस मागितला होता. पण यावरून कोणत्याही गावाचा दुष्काळ ही त्या गावाच्या पापाची शिक्षा आहे असा अर्थ काढण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा अर्थ जो काढतो त्याच्याशी माझा ठाम मतभेद आहे. पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो हे प्रभूचे शब्द आहेत. तरीही पाऊस मागणाऱ्याने आपल्या वागण्याकडे पाहावे, ही यिर्मयाची मागणी शिल्लक राहतेच.

आपल्याकडे काही लोकांनी तसे पाहिले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसवले. पुढे त्याच जालन्यात, १९६० च्या दशकात, स्कॉटिश मिशनच्या कामातून विंधनविहिरींसाठी एक दणकट हातपंप तयार झाला. त्या काळी खेड्यांत बसवलेले बिडाचे पंप घरगुती वापराच्या बेताचे होते. दिवसभर सगळ्या वस्तीने हापसले की ते मोडत. जालन्याचा पंप टिकला. सोलापुरात त्यावर आणखी सुधारणा झाली आणि त्या अनुभवातूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ हा हापसा आकाराला आला, जो आज जगभरच्या खेड्यांत उभा आहे. ज्या वस्तीला विहिरीवर जागा नव्हती, त्या वस्तीच्या मधोमध हापसा उभा राहिला. मी याला उपकारस्तुतीच म्हणतो.

दुसरे नाव फादर हर्मन बाखर यांचे. हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी आयुष्य वेचले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी इथेच पाहिला. पडणारा पाऊस डोंगरउतारावरून माती घेऊन वाहून जातो, तो माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवला पाहिजे, आणि अडवण्याचा निर्णय गावाने स्वतः घेतला पाहिजे, या आग्रहातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला; १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टची स्थापना केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केले, समतल चर खोदले. ही गावे बहुतांशी ख्रिस्ती नव्हती, आणि फादरांनी त्यांना ख्रिस्ती होण्यास सांगितले नाही. कुठे धोंडी निघत होती, कुठे महादेवाची पिंड पाण्यात बुडवली जात होती, कुठे सप्ताह बसत होता. पाऊस मागणारे सगळे शेजारी होते, आणि चर खोदतानाही शेजारीच होते.

आता आपल्या कापणीच्या सणाविषयी. ज्वारीची पेंढी, भोपळा, कोंबडी, अंडी, हरभऱ्याचे डहाळे वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. हा सण मला अतिशय प्रिय आहे. पण आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक कठीण वाक्य आहे: एका गावावर पाऊस पडला आणि दुसऱ्यावर पडला नाही. हे आपल्याकडे दरवर्षी घडते. एका शिवाराला भिजवणारा वळीव पुढच्या शिवाराला ओलांडून जातो. मग ज्याच्याकडे पडला त्याने वेदीपुढे उभे राहून नेमके काय म्हणावे, शेजारचा बांध कोरडा असताना? अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची टोपली आणणाऱ्याला सांगितले आहे की, लेवी, म्हणजे जमिनीचा वाटा नसलेला उपासनेचा सेवक, आणि तुझ्यामध्ये राहणारा परका यांच्यासह तू आनंद कर. ज्याची जमीन नाही त्याला बाजूला ठेवून ही उपकारस्तुती पूर्ण होत नाही.

म्हणून माझी सूचना आहे की, लिलावाच्या रकमेतला ठरावीक वाटा पुढच्या उन्हाळ्यासाठी पाण्याच्या नावाने वेगळा ठेवावा: वस्तीतला नादुरुस्त हापसा, जनावरांची छावणी, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी राहिलेली म्हातारी माणसे. हा वाटा ख्रिस्ती घरांपुरता असू नये. आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत भूमिहीन बंधुभगिनींना बसवावे, कारण वस्तीतला कोणता हापसा कधीपासून बंद आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.