काचेच्या कपाटातला डी४०

मुंबईच्या फोर्ट भागात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. नव्या कॅमेऱ्यांची खोकी दर्शनी भागात मांडलेली असतात आणि जुने कॅमेरे बहुधा आतल्या काचेच्या कपाटात, पट्टे गुंडाळून, एकमेकांना खेटून ठेवलेले असतात. ज्याच्याकडे नव्यापुरते पैसे नाहीत त्यानेच त्या कपाटाकडे वळावे, अशी एके काळी रीत होती. आज घरी उत्तम नवा कॅमेरा असलेली माणसेही तेच कपाट उघडायला सांगतात आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा कॅमेरा हातात घेऊन त्याचे शटर दोन-चारदा वाजवून पाहतात. त्यांना त्यात काय सापडते, हे पाहण्यासाठी आपण त्या कपाटातला एकच कॅमेरा उचलू.

हा काळा, छोटेखानी कॅमेरा म्हणजे निकॉन डी४०. नोव्हेंबर २००६ मध्ये तो जाहीर झाला. बॅटरीशिवाय वजन ४७५ ग्रॅम, सहा मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), मागे अडीच इंचांचा पडदा, फोकससाठी अवघे तीन बिंदू आणि सेकंदाला अडीच छायाचित्रे एवढा वेग. त्यात चित्रफीत घेता येत नाही, आणि मागच्या पडद्यावर दृश्य पाहत छायाचित्र टिपण्याची सोयही नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला लावावाच लागतो. तो आला तेव्हा दहा मेगापिक्सेलचे कॅमेरे दुकानांत पोहोचलेले होते, त्यातला डी८० तर निकॉननेच त्याच वर्षी आणला होता, त्यामुळे डी४० हा पहिल्या दिवसापासून मागच्या बाकावरचा विद्यार्थी होता. आज तो चालू स्थितीत काही हजार रुपयांत मिळतो.

सहा मेगापिक्सेल ही संख्या ऐकून आजचा खरेदीदार हसतो, म्हणून तिचा हिशेब आधी मांडलेला बरा. डी४० चे छायाचित्र ३००८ ठिपके रुंद आणि २००० ठिपके उंच असते, म्हणजे सुमारे ६० लाख ठिपक्यांचे. ज्याला आपण फुल एचडी म्हणतो त्या पडद्यावर २० लाखांच्या आसपास ठिपके असतात, तर फोर-के दूरचित्रवाणी संचावर ८३ लाख. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या कसोटीवर हे छायाचित्र दहा इंच रुंद आणि साडेसहा इंचांहून थोडे अधिक उंच छापता येते. मोबाइलवर पाहण्यासाठी, घरच्या अल्बमसाठी, भिंतीवरच्या मध्यम चौकटीसाठी एवढे पुष्कळ झाले. लग्नाच्या अल्बमची समोरासमोरची दोन मोठी पाने व्यापणारे छायाचित्र मात्र त्यातून नीट निघणार नाही, आणि लांबच्या पक्ष्याला कापून मोठे करण्याचा हट्टही त्याच्यापाशी धरता येणार नाही. ज्याला हे काम करायचे आहे, त्याने हे कपाट न उघडलेलेच बरे.

असे कॅमेरे आज एवढ्या संख्येने का उपलब्ध आहेत, याचे उत्तर साधे आहे. जपानच्या कॅमेरा उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली होती. मधल्या काळात मोबाइलने कॅमेरा गिळला, आणि तो गिळण्याआधी घरोघरी विकत घेतलेले कॅमेरे कपाटांत, माळ्यांवर आणि स्टुडिओच्या खणांत पडून राहिले.

आता त्यांच्याभोवती तयार झालेल्या दंतकथेकडे वळू. जुन्या कॅमेऱ्यांचे चाहते भेटले की पाच मिनिटांत सीसीडी हा शब्द, म्हणजे सेन्सरच्या एका जुन्या प्रकाराचे नाव, निघतो. सीसीडी सेन्सरचे रंग फिल्मसारखे असतात आणि आजच्या सीमॉस सेन्सरना ते कधी जमलेच नाहीत, असे ठासून सांगितले जाते. डी४० चा सेन्सर सीसीडी आहे, त्यामुळे हे म्हणणे तपासून पाहणे भाग आहे.

सीसीडीची कल्पना १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली आणि त्यासाठी २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. प्रकाश पडला की सेन्सरच्या प्रत्येक घरात विद्युतभार साठतो. विहिरीपासून अंगणापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे सरकवाव्यात, तसा सीसीडीमध्ये हा भार एका घरातून शेजारच्या घरात सरकत कडेपर्यंत जातो आणि तिथे मोजला जातो. सीमॉसमध्ये प्रत्येक घराशी स्वतःचे मापच बसवलेले असते, म्हणून तो वेगवान असतो आणि वीजही कमी खातो. दोन्हींत फरक आहे तो भार वाहून नेण्याच्या रीतीचा. रंग यांतल्या कोणालाच कळत नाही.

रंग ठरतात ते सेन्सरवर चढवलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांच्या जाळीवर, जिची रचना कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाते आणि जिचे पेटंट १९७६ चे आहे. या गाळण्या कोणत्या रंगछटा किती काटेकोरपणे वेगळ्या करतात आणि त्यानंतर कॅमेऱ्यातले गणित उजेड-सावलीची चढण कशी आखते, यावर चित्राचा स्वभाव घडतो. डी४० हौशी ग्राहकासाठी बनवला होता आणि त्याचे गणित मुळातच जरा भडक, कडक सावल्यांचे आहे. निळे आकाश, कुंकू, झेंडूचा ढीग हे सगळे त्यात उठून दिसते. आणखी एक पुरावा विचारात घेण्याजोगा आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रेमिकांत रंगांसाठी ज्याचे नाव तितक्याच आदराने घेतले जाते तो २००५ चा कॅनन ५डी, १२.८ मेगापिक्सेलचा आणि फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा कॅमेरा, हा सीमॉस आहे. तेव्हा जुन्या कॅमेऱ्यांचे रंग वेगळे असतात हे खरे, परंतु त्याचे श्रेय सीसीडीला देणे म्हणजे आमटीच्या चवीचे श्रेय पातेल्याला देणे होय.

सीसीडीमुळे मिळालेली एक गोष्ट मात्र अगदी खरी आहे, आणि तिची चर्चा रंगांच्या मानाने फार कमी होते. समजा, जानेवारी महिन्यात भर दुपारी कराडजवळच्या उसाच्या फडात उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र काढायचे आहे. डोक्यावरच्या मुंडाशाची सावली त्याच्या डोळ्यांवर पडली आहे आणि मागे लख्ख ऊन आहे. चेहऱ्याला फ्लॅशचा आधार द्यावा लागेल. नेहमीच्या कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे एकामागून एक धावतात आणि एका ठरावीक वेगापलीकडे सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा राहतच नाही, त्यामुळे फ्लॅशबरोबर साधारणपणे १/२०० सेकंदापर्यंतच जाता येते. आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, २०० वर असली की असल्या उन्हात मग लेन्सचे छिद्र एफ १६ पर्यंत बारीक करावे लागते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक), आणि तेवढ्या बारीक छिद्रातून डी४० च्या अंगच्या छोट्या फ्लॅशचा उजेड जेमतेम एक मीटर पोहोचला असता.

डी४० हे कोडे निराळ्या रीतीने सोडवतो. त्याचे यांत्रिक शटर वेगवान क्षणांसाठी उघडेच राहते आणि सेन्सर स्वतः विजेच्या इशाऱ्यावर एकाच वेळी सुरू आणि बंद होतो. म्हणून फ्लॅशसह १/५०० सेकंद हा वेग त्याला अधिकृतपणे मिळतो. त्याच उन्हात छिद्र एफ १० एवढे मोकळे ठेवता येते, फ्लॅशला सुमारे अडीचपट कमी ताकद लागते, आणि त्याचा पल्ला पावणेदोन मीटरच्या जवळ जातो. म्हणजे एक पाऊल मागे सरून माणसाच्या हातातला कोयता आणि मागचा फड दोन्ही चौकटीत घेता येतात. संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी टिपणारा पूर्ण चौकटीचा कॅमेरा सोनीने २०२३ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्याचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते, कारण तो १/८०,००० सेकंदापर्यंत फ्लॅश जुळवतो. पण त्याची किंमत लाखांत आहे, आणि आपल्या शेतातल्या माणसापुरते काम हा मागच्या बाकावरचा विद्यार्थी सतरा वर्षे आधीपासून करीत होता. गंमत अशी की पुढच्याच वर्षी आलेल्या दहा मेगापिक्सेलच्या डी४०एक्समध्ये हा वेग १/२०० वर आला. ठिपके वाढले आणि ही सोय गेली.

दुसरे आकर्षण लेन्सचे आहे. निकॉनची लेन्स बसवण्याची एफ माउंट ही खोबणी १९५९ ची. पुढे १९७७ मध्ये तिच्यात छिद्राची माहिती कॅमेऱ्याला कळवणारी खूण आली आणि त्यानंतरच्या अनेक महागड्या कॅमेऱ्यांवर त्याआधीच्या लेन्स बसवल्या तर ती खूण ओळखणारा कॅमेऱ्याचा एक छोटा दांडा मोडण्याची भीती असते. डी४० मध्ये काटकसर म्हणून तो दांडा ठेवलाच नाही, त्यामुळे साठच्या दशकातल्या बहुतेक लेन्सही त्यावर निर्धास्त बसतात. उजेडाचे मापन मिळत नाही आणि फोकस हाताने जुळवावा लागतो, पण आजोबांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याची लेन्स नातवाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालते. याच काटकसरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅमेऱ्याच्या अंगात फोकसची मोटर नसल्यामुळे ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या सगळ्याच इथे हाताने फिरवाव्या लागतात.

त्याच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. आयएसओ १६०० च्या पुढे चित्रावर रवाळ दाणे उसळतात, भिंतीवरच्या नळीच्या उजेडात धावणारे मूल त्याला पकडता येत नाही, आणि आकाश एकदा पांढरे पडले की ते मागाहून परत आणता येत नाही. तरीही त्याला वापरणारे छायाचित्रकार या मर्यादांबद्दल कुरकुर न करता बोलतात, आणि आमच्या मते खऱ्या ओढीचे मूळ इथेच आहे. नव्या कॅमेऱ्यात काय काय आहे, हे त्याच्या मालकाला अनेकदा वर्ष उलटले तरी ठाऊक नसते. डी४० चा स्वभाव आठवडाभरात पाठ होतो. कोणत्या उजेडात तो साथ देईल, उन्हात एक्स्पोजर (चित्रात येणारा उजेड) किती उतरवून ठेवावे, फोकसचा मधला बिंदू का वापरावा, हे हाताला कळते आणि मग डोळा समोरच्या माणसाकडे मोकळा राहतो. शिवाय तो स्वस्त असल्यामुळे लोकलच्या गर्दीत, जत्रेत, होळीच्या रंगात तो काढताना छाती धडधडत नाही. लाखभराचा कॅमेरा पुष्कळदा पिशवीतच राहतो, आणि पिशवीतल्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कोणीही मोजत नाही.

खिशातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची लाट यापेक्षा वेगळी आहे. समोरून पडलेला भगभगीत फ्लॅश, मागे काळोख आणि कोपऱ्यात नारिंगी तारीख, असे चित्र आजच्या तरुणांना आपल्या बालपणाचे वाटते, आणि त्यामुळे एके काळी भंगारात निघालेल्या कॅमेऱ्यांच्या किमती चढल्या आहेत. हौसेला मोल नसते हे खरे. तरी केवळ सीसीडी या तीन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

जुना कॅमेरा घेताना दुकानात उभ्या उभ्या काही गोष्टी पाहता येतात. शटर किती वेळा उघडले, याची नोंद निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच असते आणि ती साध्या सॉफ्टवेअरने वाचता येते. निकॉन डी२०० किंवा कॅनन ५डी यांची शटरे १ लाख वेळांसाठी तपासलेली होती, हे लक्षात ठेवले की आकड्याचा अर्थ लागतो. छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घेतले की सेन्सरवरची धूळ डागांच्या रूपाने उघडी पडते. डी४० ला ३२ जीबीपर्यंतचे कार्ड चालते, पण त्याआधीच्या पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांना २ जीबीच्या पुढचे कार्ड ओळखताच येत नाही, आणि ऑलिंपस व फुजीफिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी एक्सडी कार्डे आता बनतच नाहीत. म्हणून कार्ड हातात नसेल तर तो कॅमेरा घेऊ नये. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडी सेन्सरच्या आतले जोड उष्णता आणि दमटपणा यांमुळे सुटत असत, आणि २००५ मध्ये अनेक कंपन्यांना त्याबद्दल सूचना काढून दुरुस्ती करून द्यावी लागली होती. त्या काळातला कॅमेरा असेल तर एखादे छायाचित्र काढून ते पूर्ण मोठे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू बुरशी हाच आहे. लेन्स उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती परत ठेवावी, कारण बुरशी पुसता आली तरी काचेवरचा लेप ती खाऊन टाकते. घरी आणलेला कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढ्यात काम भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते कोरड्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, मात्र त्या कढईत नंतर स्वयंपाक करू नये. कोकणात आणि मुंबईत हा डबा मे महिन्यातच तयार ठेवावा, कारण जूनमध्ये झाकण उघडेपर्यंत बाहेरची हवा ओली झालेली असते.