आगोटीत सुट्टे पैसेही भरा

पत्रिकेत माझा विषय 'आपत्ती आणि घरची तयारी' असा छापलाय, आणि तयारीत काय काय हवं ते मी शेवटी सांगणारच आहे. पण आधी एका गोष्टीवर मनासारखं बोलू द्या. टॉर्च, औषधं, कागदपत्रं हे सगळं कुणी ना कुणी सांगतंच, हे एक मात्र नेहमी राहून जातं. पावसाळ्याआधी घरात दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटा पाहिजेत. पाचशेच्या नकोत, सुट्ट्या.

मे महिना लागला की आपण आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो, हे दापोलीच्या बायकांना मी काय सांगणार? तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, कोकम, मीठ-मिरची, पडवीत लाकडं आणि शेणी. आमच्या आजीच्या आगोटीत एक पत्र्याचा डबा पण असायचा, तो तांदळाच्या कणगीत खाली जायचा आणि त्यात फक्त चिल्लर आणि छोट्या नोटा. पावसात नदीला पाणी आलं, साकव गेला, बाजार तुटला तरी मीठ आणायला, वैद्याला द्यायला हातात काहीतरी असावं म्हणून. आता हात वर करा बघू, यंदा किती जणींनी आगोट भरली? बऱ्याच आहेत. आणि किती जणींच्या डब्यात पैसे आहेत? ...बघा. म्हणूनच मी आज आलेय.

आता निसर्ग चक्रीवादळ. 3 जून 2020. इथे बसलेल्या प्रत्येकीकडे त्याची गोष्ट आहे, माझी मला सांगू द्या. वारं दुपारनंतर उतरलं तेव्हा आमच्या वाडीत पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या होत्या, नारळ घरांवर, कौलं अंगणात, विजेचे खांब आडवे, आणि फोनला टॉवरच नाही. लाइट आली ती काही आठवड्यांनी, काही गावांना तर त्याहून उशिरा. त्यात लॉकडाऊनचे दिवस. मुंबईची पोरं तिकडून जीव तोडून यूपीआयवर पैसे पाठवत होती आणि इकडे आईबापांच्या फोनला ना रेंज ना चार्जिंग, पैसे आले की नाही तेही कळायला मार्ग नाही. रस्त्यावर झाडं आडवी, ती कापायला कटरवाला आला, तो रोख मागतो आणि त्याचं चुकत नाही, त्यालाही पेट्रोल रोखीनेच भरायचं होतं. मग जनरेटर घेऊन एक मुलगा वाडीवाडीत फिरायला लागला, पंप चालवून पाण्याची टाकी भरून द्यायचे ठरावीक पैसे, ज्यांच्याकडे सुट्टे होते त्यांच्या टाक्या आधी भरल्या. शेजारच्या काकूंकडे दोन हजारांची नोट होती, चांगली कोरी, त्या ती घेऊन दुकानात गेल्या, जनरेटरवाल्याकडे गेल्या, परत दुकानात आल्या, कुणाकडेच मोड नाही. काकूंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. शेवटी आम्ही पाच घरांनी मिळून मोड गोळा करून दिली. आणि एका बँकेच्या शाखेत, नाव घेत नाही, आम्हाला सांगितलं की सिस्टीम बंद आहे, तालुक्याला जा. तालुक्याला कसं जायचं? रस्त्यावर अख्खं वडाचं झाड पडलेलं! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याच दिवसांत अजून एक बघितलं. आमच्या विहिरीला पाणी होतं, पण पंप बसवल्यापासून रहाट काढून टाकलेला आणि लांब दोरसुद्धा घरात नाही. बँकेतल्या पैशांचं अगदी तसंच झालेलं, आहेत पण वर येत नाहीत.

मग डबा गेला कुठे? माझं मत आहे की तो नोव्हेंबर 2016मध्ये गेला. नोटाबंदीत बायकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या, घरात सगळ्यांना कळलं, चेष्टा झाली, आणि परत डबा भरायची इच्छाच राहिली नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पण एक लक्षात घ्या, त्या वेळीसुद्धा शंभरची, पन्नासची, दहाची नोट चालूच होती. छोट्या नोटेने तेव्हाही साथ दिली.

आणि हे फक्त आपल्या किनाऱ्याचं नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा कोल्हापुरात दूध, भाजी, पेट्रोल येईना. सरकारनेही तेव्हा तातडीच्या मदतीतले पाच हजार हातात रोख द्यायचे आणि बाकीचे खात्यात असं ठरवलं. चिपळूणला 22 जुलै 2021च्या पुरात एसटी आगाराचे व्यवस्थापक सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बुडालेल्या गाडीच्या टपावर कित्येक तास बसून होते. मी त्या माणसापुढे हात जोडते.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत, तेव्हा आता भरभर सांगते, लिहून घ्या. चार माणसांच्या घराला पाच हजार, म्हणजे शंभराच्या 20 नोटा, पन्नासच्या 20, विसाच्या 50 आणि दहाची एक गड्डी. एकदम जमत नसेल तर जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला टाका, बचत गटाच्या मीटिंगलाच मोडून घ्या. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकात एक, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्ससकट. खालच्या कपाटात नको, माळ्यावर पण नको, चिपळूणला पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. दाराजवळ अडकवलेल्या पिशवीत ठेवा, उचलली की निघालो. घरात दोघांना तरी जागा माहीत हवी. डोंगर सरकतोय अशी शंका आली तर मात्र पिशवी, पैसे काही बघायचं नाही, माणसं आणि गुरं सोडवून निघायचं, दरड कोसळून तळिये गावाचं काय झालं ते आपण पाहिलंय.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा, निदान तीन दिवसांचं, पिण्याचं आणि रांधायचं. पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीन टाकल्याशिवाय तोंडाला लावू नका, आणि चिखलात अनवाणी फिरू नका, लेप्टोचा ताप येतो. दुसरा सिलिंडर भरलेला, काडेपेटी बरणीत, पोहे, चणे, गूळ, बीपी-शुगरच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, लहान मुलांची दुधाची पावडर, पाळीचं सामान. पॉवर बँक 1 जूनला चार्ज करून ठेवा. आणि विहिरीला दोर, कृपा करून.

नोटा भिजल्याच तर अलगद सुट्या करून सावलीत वाळवा. चिकटून गड्डा झाला असेल तर ओढू नका, तो साध्या शाखेत घेत नाहीत, तसाच रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात द्यावा लागतो. फाटक्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात, तुमचं तिथे खातं नसलं तरी. पन्नास आणि वरच्या नोटेचा 80 टक्क्यांहून मोठा अखंड तुकडा असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धे, आणि विसापर्यंतच्या नोटेला अर्ध्याहून मोठा तुकडा पुरतो. काउंटरवर नाही म्हणाले तर मॅनेजरकडे जा, दोघीतिघी मिळून जा.

हात वर झालेले दिसतायत मला, सगळ्यांचं घेते, पण मुरुडच्या ताईंना साडेपाचची एसटी गाठायचीय, आधी त्यांना विचारू द्या.