पिसं झडायलेली कोंबडी बाजारात नेऊ नका

ताई-मावश्यांनो, दसरा-दिवाळीच्या टायमाला आपल्याकडं आठवडी बाजारात पिसं गेलेल्या कोंबड्या लई दिसतात, पडत्या भावात, आणि विचारलं की म्हणतात अंडी बंद झाली, पिसं झडायलीत, रोग आलाय. मला ते बघून खरंच वाईट वाटतं. ती आजारी नाहीये हो. पावसाळा सरला की दिवस लहान होतो, उजेड कमी पडतो, मग तिचं शरीर अंडी थांबवतं आणि जुनी पिसं टाकून नवी घेतं, आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख अन् शेपूट. दोन-तीन महिने जातात. तुरा फिका पडतो, तोही परत लाल होतो.

खातेय, फिरतेय तर घाबरायचं कारण नाही. मान वाकडी झाली, हिरवट पातळ हगायली तर मात्र मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) असू शकते, लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा अन् डॉक्टरला बोलवा. आणि शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा बघत जा, तिथंच असतात त्या.

आता खाणं. पीस म्हणजे शंभरात 85 भाग प्रोटीनच, ते नुसत्या ज्वारीवर कुठून येणार? अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16-17 टक्के प्रोटीन असतं, ह्या दिवसांत ते 20 पर्यंत न्या. सोयाबीन तर आपल्या लातूर-परभणीत घरोघरी आहे, पण कच्चं देऊ नका, पचत नाही, भाजून भरडून द्या. सुकट द्या. मडक्यात ओलं शेण अन् गोणपाटाचा तुकडा भरून वाळवी असेल तिथं रात्रभर उपडं ठेवा, सकाळी वाळवी भरलेली असते, फुकटचं खाद्य. सरकीची ढेप मात्र म्हशीलाच असू द्या, कोंबडीला बाधते.

नवं पीस निघताना जवळून बघा, निळसर काळ्या सुईसारखं दिसतं, वरून मेणचट कवच अन् आत रक्त. ते दाबलं तरी दुखतं, मोडलं तर रक्त वाहतं. म्हणून उगं धरू नका, हलवायचीच असली तर रात्री अंधारात, बसलेली असताना हळूच उचला.

आणि म्हणूनच कोंबडा वेगळा ठेवायचा. तो चढताना चोचीनं मानेवरची पिसं धरतो आणि नखं पाठीत रोवतो, कोवळ्या सुया तिथंच असतात. बाकी अंग भरलेलं अन् फक्त पाठ आणि मानेची मागची बाजू उघडी दिसली तर ते झडणं नाही, ते कोंबड्याचंच काम आहे, आठ-दहा कोंबड्यांमागं एकच कोंबडा पाहिजे.

तो लेकरांच्या अंगावर जातो असं बऱ्याच जणी म्हणतात. आधी एक पंख खाली पाडून आडवा-आडवा चालतो, तेव्हाच ओळखा. पळू नका, लाथ तर मारूच नका, लाथ मारली की त्याला वाटतं भांडण सुरू झालं. जागेवर उभं राहा, मग सावकाश त्याच्याच दिशेनं पाऊल टाका, तो वळून बाजूला होईपर्यंत. रोज थोडा वेळ काखेत धरून फिरवलं तरी बराच नरमतो. लेकरांना सांगा, खडे मारू नका, खिजवू नका. एवढं करूनही बारक्या लेकराच्या तोंडावर झेप घेत असेल तर तो कोंबडा ठेवू नये, डोळ्याचा प्रश्न आहे.

पाठीवरची पिसं उलगडून सपाट झाली, हात फिरवल्यावर कोंबडी अंग चोरत नाही, की कोंबडा परत सोडा, आणि पहिल्या दिवशी खुराड्यात नको, मोकळ्या अंगणात, म्हणजे कोंबड्यांना पळायला जागा राहते.