फासा कधी टाकायचा?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘फाशांचं गणित’, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळांतल्या फाशांचं. तिकडे येणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्यांनी ती माझ्याकडून ऐकली आहे त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं.

साल १९६९. अमेरिकेतली मिनिआपोलिस-सेंट पॉल ही जोडशहरं. डेव्हिड वेस्ली नावाचा तरुण तिथे नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळवायचा. छोटे सैनिक, मोजपट्ट्या, तोफांचे तक्ते, सगळा सरंजाम. एकदा त्याने ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक प्रशियन गाव मांडलं. माणसं आली भरपूर, सेनापतिपदं मोजकी. मग उरलेल्यांना गावातल्या भूमिका वाटल्या: कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी कुलगुरू. एकेकाने आत यायचं, काय करणार ते सांगायचं आणि बाहेर जायचं, असा बेत होता. आता इतकी माणसं बाहेर ताटकळत ठेवलीत, तर ती काय हरिपाठ म्हणणार? त्यांनी कारस्थानं सुरू केली. थोड्या वेळाने दोघं सांगत आले की, आमचं द्वंद्व ठरलंय! वेस्लीकडे तोफांचे नियम होते, द्वंद्वाचे नव्हते. त्याने उभ्या उभ्या काहीतरी ठरवलं. ज्या लढाईसाठी सगळी मांडामांड केली होती ती झालीच नाही. वेस्ली हिरमुसला, त्याला वाटलं डाव फसला. आणि खेळाडू ‘पुढचा कधी?’ म्हणून त्याच्या मागे लागले.

पुढच्या एका डावात तर कहर झाला. लॅटिन अमेरिकेतलं एक छोटं प्रजासत्ताक. डेव्ह आर्नेसनला भूमिका मिळाली क्रांतिकारक विद्यार्थ्याची, पत्रकं वाटली की गुण. या गृहस्थाने बाकीच्यांना पटवलं की आपण खरे सीआयएचे हेर आहोत. शेवटी देशाचा खजिना घेऊन हेलिकॉप्टरमधून पळाला, आणि जाता जाता पत्रकं खाली भिरकावली. गुणही मिळाले!

हाच आर्नेसन. पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ काढला.

खेळाडू काय करतील ते असं आधी सांगता येत नाही. म्हणून माझं डोकं फिरतं ते कथा आधीच लिहून आणणाऱ्या डीएमवर, म्हणजे डाव चालवणाऱ्यावर. एका डावात आम्ही पूल ओलांडायचा सोडून काठावरच्या कोळ्याशी गप्पा मारत बसलो. बिचाऱ्याला नावसुद्धा नव्हतं, आम्हीच ठेवलं. डीएमसाहेबांचा सगळा मसाला पलीकडे. त्यांनी आधी पाऊस पाडला, मग पूर आणला, तरी आम्ही हलेना, तेव्हा ड्रॅगन सोडला. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या पात्रांवर ड्रॅगन! कोळी गेला. त्याचं दुःख मला अजून आहे, हसू नका.

...संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, गणित.

पात्राने ठरवलेलं जमलं की फसलं ते फासा सांगतो. वीस बाजूंचा फासा टाकलात तर प्रत्येक आकडा सारखाच, ५ टक्के. मुरलेल्या चोराच्या पात्राला पाचाची बढती दिलीत, म्हणजे आलेल्या आकड्यात पाच मिळवलेत, तरी नवख्यापेक्षा तो २५ टक्क्यांनीच पुढे. दोन साधे फासे घ्या, ३६ शक्यता, आणि आकडे मधे गर्दी करतात, सात सगळ्यात जास्त वेळा. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने याचा फायदा घेतला: दहा किंवा वर आलं तर पूर्ण यश, सात ते नऊ आलं तर यश पण किंमत मोजून, सहा किंवा खाली आलं तर पंचाईत. ३६ पैकी अनुक्रमे ६, १५, १५. दोनाची बढती द्या, लगेच १५, १५, ६. मधला भाग जागचा हलत नाही! ‘जमलं, पण...’ हे उत्तर दर वेळी दाराशी उभं.

माझा मुद्दा तोच आहे. खेळाडू काय करतील याची यादी नियमपुस्तकात मावत नाही; द्वंद्वाची मावली नाही, पत्रकांची नाही, कोळ्याची तर नाहीच. नियमाने निवडीला हात लावू नये, परिणामाची सोय करावी. त्यामुळे फासा टाकायला लावण्याआधी ‘फसलं तर काय होईल’ ते खेळाडूला उघड सांगा. सांगण्यासारखं काही नसेल, तर फासा खाली ठेवा आणि सरळ ‘जमलं’ म्हणा. बढती किती द्यायची यावर माझ्याकडे एक तक्ता होता, पण आता तो चहाच्या वेळी दाखवतो.